ट्रायसायक्लिक गोळ्या: पहिल्या गोळीआधीपासून शेवटच्या गोळीनंतरपर्यंत काय सांभाळायचं

रुग्णालयाच्या औषध-खिडकीत बसून एक संवाद मला तोंडपाठ झालाय. समोरचे काका ॲमिट्रिप्टिलिनची चिठ्ठी पुढे सरकवतात. "दुसरी काही औषधं चालू आहेत?" "नाही हो, काही नाही." मी जरा रेंगाळते. मग पिशवी उघडते आणि एकेक स्ट्रिप बाहेर येते. कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल. लघवीला सारखं जावं लागतं म्हणून ऑक्सिब्युटिनिन. आणि सर्दीची एक गोळी, "ती काय औषध नाही, लागली तर घेतो." या तिघींपैकी एकीचंही ॲमिट्रिप्टिलिनशी सरळ जमत नाही.

ॲमिट्रिप्टिलिन हे ट्रायसायक्लिक गटातलं, म्हणजे नैराश्यावरच्या जुन्या औषधांच्या एका गटातलं. ट्रायसायक्लिक गोळ्यांचं बिनसतं ते बहुतेक वेळा असं, क्रम चुकल्यामुळे. गोळी आधी सुरू होते, प्रश्न नंतर पडतात. आणि बरं वाटलं की तीच गोळी कुणाला न विचारता एका रात्रीत बंद होते. डोस ठरवणं आणि बदलणं डॉक्टरांचं काम आहे, त्यात इथे शिरायचं नाही. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं मात्र बरंच काही तुमच्या हातात असतं.

## टप्पा १: हातातली गोळी कोणती, ते आधी वाचा

स्ट्रिपवर ब्रँडचं नाव ठळक असतं आणि औषधाचं नाव बारीक. बारीक अक्षर वाचा. ॲमिट्रिप्टिलिन, नॉर्ट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, क्लोमिप्रामिन, डॉक्सेपिन, डोसुलेपिन, ट्रिमिप्रामिन, डेसिप्रामिन यांपैकी काही दिसलं, तर गोळी याच गटातली.

गफलत सुरू होते ती कारणावरून. या गोळ्या नैराश्यासाठी आहेत खऱ्या, पण आज त्या मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी, अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून आणि आतड्यांच्या जुनाट तक्रारींसाठीही मोठ्या प्रमाणावर दिल्या जातात. क्लोमिप्रामिन मंत्रचळासाठी (ओसीडी) वापरतात, तर इमिप्रामिन मुलांच्या अंथरुणात लघवी होण्यावर. दुखण्यासाठी सुरुवात साधारण १० ते २५ मिलिग्रॅमने होते. नैराश्यासाठी डोस ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत जातो, कधी त्याहून वर. त्यामुळे "माझी ती डिप्रेशनची गोळी नाही, नसांची आहे" असं लोक मनापासून सांगतात. डोस कमी असला की त्रास कमी, हे बऱ्याच अंशी खरं. पण औषध तेच असतं. दुसऱ्या औषधांशी त्याचं असलेलं भांडण १० मिलिग्रॅमलाही पुरतं मिटत नाही.

दुसरी गफलत जोडगोळ्यांची. ॲमिट्रिप्टिलिन कधी क्लोरडायझेपॉक्साइडबरोबर एकाच गोळीत असतं, नॉर्ट्रिप्टिलिन कधी प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिनबरोबर. हाडांच्या डॉक्टरांनी एक जोडगोळी दिली, मेंदूविकारतज्ज्ञांनी दुसऱ्या ब्रँडने तेच औषध सुटं दिलं, आणि रुग्ण दोन्ही इमानदारीने घेतोय, असं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलंय. ॲमिट्रिप्टिलिन आणि नॉर्ट्रिप्टिलिन एकत्र घेणं हेही तसंच, कारण ॲमिट्रिप्टिलिनचं शरीरात नॉर्ट्रिप्टिलिनच होतं.

तपासा: औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि चिठ्ठी या तीन गोष्टी जुळतात का? एकाच ब्रँडच्या १०, २५ आणि ७५ मिलिग्रॅमच्या स्ट्रिपा एकमेकींच्या बहिणी वाटतात. क्लोमिप्रामिनच्या जागी क्लोमिफीन किंवा क्लोरप्रोमाझिन दिलं-घेतलं जाणं ही तर औषध-विभागात सगळ्यांना ठाऊक असलेली चूक आहे. पहिलं मंत्रचळाचं, दुसरं गर्भधारणेच्या उपचारातलं, तिसरं तीव्र मनोविकारांवरचं. नावं सारखी, बाकी काही सारखं नाही.

### एवढे दुष्परिणाम का होतात, थोडक्यात

या गोळ्या सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं मज्जापेशींत परत शोषली जाऊ देत नाहीत. आपल्याला हवं ते काम एवढंच. पण जाता जाता त्या आणखी चार ठिकाणी हात घालतात. ॲसिटिलकोलिन या मज्जातंतूंच्या संदेशवाहक रसायनाचं काम अडलं की तोंड कोरडं पडतं, शौच घट्ट होते, लघवी अडते, नजर धूसर होते, म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ उडतो. हिस्टामिन अडलं की झोप आणि भूक वाढते. रक्तवाहिन्यांमधले अल्फा ग्राहक (रिसेप्टर) अडले की उभं राहताना रक्तदाब कोसळतो. आणि हृदयाच्या स्नायूतले सोडियमचे मार्ग अडले की ठोक्यांची लय बिघडू शकते. नेहमीच्या डोसात शेवटचं सहसा जाणवतही नाही. जादा गोळ्या पोटात गेल्यावर जीव जातो तो मात्र मुख्यतः त्यामुळेच. पुढचे टप्पे या चौघांभोवतीच फिरतात.

## टप्पा २: पहिल्या गोळीआधी डॉक्टरांना काय सांगायचं

डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. गर्दीच्या वेळी नाही विचारलं जात. घरून कागदावर लिहून न्या.

हृदयापासून सुरुवात करा. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, ठोके अनियमित असतील, ईसीजीत "ब्लॉक" असा शब्द कधी ऐकला असेल, कधी विनाकारण बेशुद्ध पडला असाल, किंवा जवळच्या नात्यात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल, तर हे पहिल्याच वाक्यात सांगा. ताजा झटका आणि हृदयाचा ब्लॉक (ठोक्यांचे विद्युत संकेत अडणं) असताना ही गोळी देतच नाहीत. वय जास्त असेल किंवा हृदयाची काही पार्श्वभूमी असेल, तर आधी ईसीजी काढून ठेवणं शहाणपणाचं. "माझा ईसीजी आधी काढायचा का?" हे विचारण्यात कसला आलाय संकोच? पुढे कधी धडधड झाली तर तुलना करायला तो पहिला कागद फार कामाला येतो.

मग बाकीचं: काचबिंदू किंवा डोळ्यांत दाब वाढल्याचं निदान, प्रोस्टेटची वाढ किंवा लघवी अडण्याची खोड, जुनाट बद्धकोष्ठता, फिट येण्याचा इतिहास, यकृताचा आजार, थायरॉइड जास्त असणं, मधुमेह. गरोदर असाल, तसा विचार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर तेही.

एक गोष्ट लोक सांगत नाहीत, कारण ती आजार वाटत नाही. आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की झोप दोन-तीन तासांवर आली, तरी अंगात प्रचंड उत्साह, बोलणं थांबेना, पैसे उधळले? स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात? हा उन्मादाचा झटका असू शकतो, आणि असा कल असलेल्याला नुसती नैराश्याची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो.

वय ६५ च्या पुढे असेल तर एक प्रश्न हमखास विचारा: "याऐवजी दुसरं काही चालेल का?" वयस्कांमध्ये पडणं, गोंधळणं, लघवी तुंबणं हे सगळं जास्त होतं. म्हणून शक्य तिथे डॉक्टरही हा गट टाळतात. घ्यायचंच ठरलं, तर नॉर्ट्रिप्टिलिन ॲमिट्रिप्टिलिनपेक्षा तुलनेने सौम्य पडतं.

## टप्पा ३: घरातली सगळी औषधं एका टेबलावर मांडा

हा टप्पा सर्वात जास्त वगळला जातो, म्हणून यावर जास्त लिहिते आहे. कपाट, पर्स, उशाखालचा डबा, सगळं रिकामं करा. थेंब, सिरप, मलमं, जडीबुटीच्या कॅप्सुल, सगळं. प्रत्येकाचं औषधाचं नाव (ब्रँडचं नव्हे) एका कागदावर उतरवा आणि डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना दाखवा. खाली ओळखीची नावं देते आहे. यादी पूर्ण नाही, पण रोज समोर येणारी आहे.

मुळीच नको अशी जोडी. एमएओआय गटातली औषधं, म्हणजे नैराश्यावरच्या आणि पार्किन्सनवरच्या काही औषधांचा एक गट. पार्किन्सनसाठीचं सेलेजिलिन आणि रासाजिलिन याच घरातले. लिनेझोलिड हे प्रतिजैविकसुद्धा तसंच वागतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. जुन्या एमएओआय गोळ्या आणि ट्रायसायक्लिक यांच्यात १४ दिवसांचं अंतर लागतं, आधी कोणतीही असो.

रक्तातली पातळी चढवणारी. ट्रायसायक्लिकचा निचरा यकृतातलं एक विकर (एन्झाइम) करतं. फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिन, ब्युप्रोपिऑन त्याला अडवतात, ड्युलोक्सेटिनही काही प्रमाणात. गंमत अशी की ड्युलोक्सेटिनही नसांच्या दुखण्यालाच देतात, त्यामुळे ही जोडी नकळत जमते. नायट्यासाठीच्या टर्बिनाफिनच्या गोळ्याही त्यातच. त्वचेच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून नैराश्याच्या औषधाचा डोस वाढल्यासारखा होईल, हे कुणाच्या मनातही येत नाही. फ्लुऑक्सेटिन बंद केल्यावरही त्याचा अंमल काही आठवडे टिकतो. काल बंद केलं म्हणून आज मोकळं झालो, असं होत नाही.

सेरोटोनिन वाढवणारी. ट्रामाडॉल, वर आलेली फ्लुऑक्सेटिन-पॅरोक्सेटिन यांसारखी एसएसआरआय गटातली नैराश्याची औषधं, अर्धशिशीच्या झटक्यावरची ट्रिप्टान, सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती. ट्रामाडॉलचा दुहेरी घोटाळा आहे, ते फिट येण्याचा धोकाही वाढवतं.

कोरडेपणा वाढवणारी. सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, खोकल्याच्या सिरपातलं डायफेनहायड्रामिन, पोटातल्या मुरड्यासाठीचं डायसायक्लोमिन, ऑक्सिब्युटिनिन, ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेकटी निरुपद्रवी वाटतात. ट्रायसायक्लिकवर चढवली की म्हाताऱ्या माणसाची लघवी रात्रीतून तुंबते किंवा तो घरातल्यांना ओळखेनासा होतो. सर्दीच्या गोळीत फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असेल तर रक्तदाब चढण्याची आणि धडधडीची भीती वेगळीच.

हृदयाच्या लयीवर परिणाम करणारी. ॲमिओडॅरोन, हॅलोपेरिडॉल, उलटीवरचं ऑन्डॅनसेट्रॉन आणि डोम्पेरिडोन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम उतरलं असेल तर धोका आणखी वाढतो.

दारू, झोपेच्या गोळ्या आणि अफूवर्गीय वेदनाशामकं गुंगी वाढवतात, श्वास मंदावू शकतात. रक्तदाबासाठी क्लोनिडिन चालू असेल तर ट्रायसायक्लिकमुळे त्याचा असर कमी होतो.

थांबा: या यादीतलं काही तुमच्याकडे सापडलं म्हणून ते औषध स्वतःहून बंद करू नका. काही जोड्या डॉक्टर जाणूनबुजून, डोस सांभाळून देतात. आपलं काम त्यांना दोन्ही नावं एकाच वेळी दाखवणं.

## टप्पा ४: पहिली रात्र आणि पहिले दोन आठवडे

रोज एकदाच घ्यायची असेल तर बहुतेकांना रात्रीची वेळ सांगितली जाते, कारण गुंगी येते. इथे चूक अशी होते की गोळी अंथरुणावर पडताना, अकरा-बाराला घेतली जाते आणि मग सकाळी नऊपर्यंत डोकं जड. झोपण्याच्या एक-दोन तास आधी घेतली तर सकाळ बरीच हलकी जाते. वेळ बदलायची तर डॉक्टरांशी बोलून, आणि मग तीच वेळ रोज पाळायची.

दुष्परिणाम पहिल्या दिवसापासून येतात, गुण उशिरा येतो. नैराश्यात दोन ते चार आठवडे, कधी जास्त. म्हणजे पहिला पंधरवडा नुसता तोटाच तोटा दिसतो. गोळी सोडणारे बहुतेक इथेच सोडतात. हे आधी माहीत असलं की धीर धरता येतो.

सकाळी उठताना काय करायचं, ते नीट सांगते. माझ्या मावशीला दुखण्यासाठी ही गोळी सुरू झाली, तेव्हा ती खुर्चीत बसून रक्तदाब मोजायची. १३० वर ८०, छान. पाचव्या रात्री बाथरूमला जायला उठली आणि दाराच्या उंबऱ्याशी कोसळली. मनगट मोडलं. बसून मोजलेला रक्तदाब चांगलाच होता, कोसळत होता तो उभं राहिल्यावर. तो बसून मोजून कधीच कळला नसता.

म्हणून असं मोजा:

1. पाच मिनिटं सपाट पडून राहा. पडल्या पडल्या रक्तदाब मोजा, आकडा लिहा.
2. उभे राहा. एका मिनिटाने पुन्हा मोजा. बाजूला कुणीतरी असू द्या.
3. तिसऱ्या मिनिटाला आणखी एकदा.
4. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला, तर चक्कर येत नसली तरी डॉक्टरांना कळवा.

हे गोळी सुरू करण्याआधी एकदा, आठवड्याने एकदा आणि डोस वाढला की पुन्हा. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर अजिबात टाळू नका, त्यांनीही उभं राहताना दाब उतरतो.

रात्री उठायचं झालं तर आधी कुशीवर वळा, मग पाय खाली सोडून काठावर मिनिटभर बसा, पोटऱ्या चार-पाचदा आवळा, आणि मग भिंतीचा आधार घेऊन उभे राहा. वाटेवर बारीक दिवा जळता ठेवा. गाडी, शिडी, यंत्र यांपासून पहिले काही दिवस आणि डोस वाढल्यावर लांब राहा. "मला गुंगी आली नाही" हे आपलं आपल्याला कळतंच असं नाही.

डोस चुकला तर: रात्रीची गोळी सकाळी आठवली, तर ती सोडून द्या आणि रात्री नेहमीची घ्या. दोन गोळ्या मिळून भरपाई कधीच करायची नाही.

## टप्पा ५: सहन करायचं काय आणि फोन करायचा कधी

तोंडाचा कोरडेपणा सगळ्यांत जास्त येतो आणि सगळ्यांत कमी गंभीरपणे घेतला जातो. लोक चघळायला गोड गोळ्या घेतात. लाळ नाही आणि वर साखर, म्हणजे दात किडायला मोकळं रान. साखर नसलेलं च्युइंग गम, घोटघोट पाणी, दिवसातून दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणं, एवढं पुरतं. दंतवैद्यांकडे गेलात तर ही गोळी चालू असल्याचं सांगा, बधिर करण्याच्या इंजेक्शनात ॲड्रेनॅलिन असू शकतं.

बद्धकोष्ठता होण्याची वाट पाहू नका, पहिल्या दिवसापासून पाणी, चोथ्याचं अन्न आणि चालणं वाढवा. तीन दिवस शौच नाही, पोट फुगलंय, उलट्या होताहेत, तर तो घरगुती उपायांचा विषय उरत नाही.

घाम कमी येतो काहींना, काहींना उलट जास्त. घाम कमी येणाऱ्यांनी कडक उन्हात कष्टाचं काम टाळावं, शरीर तापतं आणि थंड होत नाही. वजन वाढतं, महिन्यातून एकदा काट्यावर उभे राहा. कामेच्छा कमी होणं, वीर्यस्खलनाला उशीर, हे होतं, क्लोमिप्रामिनने विशेषतः. डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाही म्हणून माणसं गुपचूप गोळी सोडतात. "त्या बाबतीत त्रास होतोय" एवढं म्हटलं तरी त्यांना समजतं. ॲमिट्रिप्टिलिनने क्वचित लघवीला निळसर-हिरवी झाक येते. ती पाहून घाबरून आलेले लोक मी पाहिलेत. त्या रंगाने काही बिघडत नाही.

त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं ते यासाठी: लघवीला जोर लावावा लागणं किंवा धार तुटक येणं, नवा गोंधळ, तारीख-वार विसरणं, नसलेलं दिसणं, पुन्हापुन्हा चक्कर, वयस्क माणसात मळमळ, डोकेदुखी आणि सुस्ती एकत्र (रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं), डोळे-त्वचा पिवळी पडणं.

फोनवर वेळ घालवू नका, थेट तातडीच्या विभागात जा:
- छातीत दुखणं, अनियमित धडधड, बेशुद्ध पडणं
- फिट येणं
- डोळा लाल, प्रचंड दुखतोय, दिव्याभोवती वलयं दिसताहेत
- सहा-आठ तास लघवीच झाली नाही आणि ओटीपोट ताठलंय
- अंग तापलंय, थरथर, पायांना झटके, घामाच्या धारा, जुलाब, बेचैनी: सेरोटोनिन अति झाल्याची शक्यता
- अंग तापलंय पण त्वचा कोरडी ठणठणीत, बाहुल्या मोठ्या, माणूस बरळतोय: ॲसिटिलकोलिन फार अडल्याची शक्यता

## टप्पा ६: मनावर नजर, आणि ती दुसऱ्या कुणाची

वय २५ पेक्षा कमी असेल तर नैराश्याच्या औषधांच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलं आणि किशोरांसाठी अशा सर्व औषधांवर चौकटीतला इशारा छापायला लावला, २००७ मध्ये तो तरुणांपर्यंत वाढवला. मोठ्या वयातही पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस नाजूकच असतात.

रुग्णाला स्वतःला हा बदल दिसत नाही. म्हणून घरातल्या एकाला आधीच सांगून ठेवा: नवी बेचैनी, येरझाऱ्या, झोप उडणं, अचानक चिडणं, वस्तू वाटून टाकणं, "मी नसलो तर बरं" अशी भाषा दिसली, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. विचार उघडपणे बोलून दाखवले तर माणसाला एकटं सोडायचं नाही, गोळ्या ताब्यात घ्यायच्या आणि तातडीची मदत बोलवायची. थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाहीत. "जीव द्यावासा वाटतो का?" असं नीट शब्दांत विचारा.

उलट टोकाचंही पाहा. झोप न लागताही उत्साह ओसंडतोय, बोलणं सुसाट, तर "औषध लागू पडलं" म्हणून आनंदी होऊ नका. डॉक्टरांना कळवा.

## टप्पा ७: साठा, मुलं आणि जादा गोळी

नेहमीच्या डोसात मुकाट चालणारं हे औषध जादा झालं तर नैराश्यावरच्या नव्या औषधांपेक्षा कितीतरी घातक ठरतं. त्यामुळे घरात महिनोन्महिन्यांचा साठा नको. मन अस्थिर असेल तर एका वेळी आठवडा-दोन आठवड्यांचीच गोळी घ्या, आणि ती दुसऱ्याने कुलपात ठेवून रोज हातात द्यावी. हा अविश्वास नाही, पुष्कळ डॉक्टर स्वतःहून असंच सुचवतात.

लहान मुलाच्या बाबतीत एखाद-दुसरी गोळीही जिवावर बेतू शकते. काहींवर रंगीत, गोडसर आवरण असतं. आठवड्याच्या खणांचा डबा मोठ्यांना सोयीचा, पण मुलाला उघडायला तितकाच सोपा. मुलाला अंथरुणात लघवीसाठी इमिप्रामिन दिलं असेल, तर गोळी पालकांनीच द्यायची, आणि "काल ओलं झालं म्हणून आज एक जास्त" हे कधीही नाही.

जादा गोळी गेली, किंवा तशी नुसती शंका आली तर:

1. लक्षणांची वाट पाहू नका. पहिला तास-दोन तास माणूस चालता-बोलता असू शकतो, आणि नंतरच्या काही तासांत झपाट्याने कोसळतो. "बरा दिसतोय, झोपू दे" या वाक्याने जीव गेलेत.
2. उलटी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, लिंबू, काही देऊ नका. गुंगीत उलटी फुप्फुसात जाते, फिटही येऊ शकते.
3. रुग्णवाहिका बोलवा. गुंगी असेल तर कुशीवर झोपवा, श्वासाकडे लक्ष ठेवा. स्वतः गाडी चालवू देऊ नका.
4. सगळ्या स्ट्रिपा, रिकाम्यासुद्धा, सोबत घ्या. उरलेल्या गोळ्या मोजा, अंदाजे वेळ लिहा.
5. दारात पोचताच पहिलं वाक्य: "ट्रायसायक्लिक घेतलंय." डॉक्टर लगेच ईसीजी काढून त्यातली एक लाट रुंदावली आहे का ते पाहतात, आणि गरज पडल्यास शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात. हे नाव कळायला जितका उशीर, तितका तो उपचार उशिरा.

लक्षणं नसली तरी तिथे निदान सहा तास देखरेखीखाली ठेवतात. मध्येच सही करून घरी न्यायचा हट्ट करू नका.

## टप्पा ८: मध्येच काही नवीन आलं तर

टप्पा ३ ची यादी पाकिटात ठेवा. नवे डॉक्टर, नवी चिठ्ठी, सर्दीची गोळी, प्रत्येक वेळी ती बाहेर काढा. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना आठवडाभर आधी सांगा, आदल्या रात्री नव्हे. आपणहून बंद करू नका. चालू ठेवायची की कमी करायची, ते ठरवतील. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर उभं राहताना दाब जास्त कोसळतो, तेव्हा पुन्हा झोपून-उभं राहून मोजा. गर्भ राहिल्याचं कळलं तरी घाबरून त्याच दिवशी गोळी थांबवू नका, पण भेट पुढेही ढकलू नका. शेवटच्या महिन्यांत घेतली असेल तर जन्मानंतर बाळात चिडचिड, थरथर दिसते का यावर लक्ष ठेवावं लागतं.

## टप्पा ९: बंद करणं

बरं वाटलं, गोळ्या संपल्या, प्रवासात विसरल्या, या तीन वाटांनी लोक अचानक बंद करतात. मग एक-दोन दिवसांत मळमळ, डोकेदुखी, घाम, झोप उडणं, भडक स्वप्नं, चिडचिड सुरू होते. माणूस म्हणतो, "बघा, सवय लागली." ही व्यसनाची सवय नसते. अडवलेली रसायनं एकदम मोकळी झाल्याचा धक्का असतो.

काही आठवड्यांपेक्षा जास्त घेतली असेल तर डोस टप्प्याटप्प्याने, साधारण निदान चार आठवड्यांत उतरवतात. फार काळ घेतली असेल तर त्याहून सावकाश. वेळापत्रक डॉक्टरांकडून तारखांसकट लिहून घ्या. शेवटच्या पायऱ्या सगळ्यांत लहान हव्यात, घाई नेमकी तिथेच होते.

दिवसाआड गोळी घेणं हा लोकांचा आवडता शॉर्टकट. त्यात पातळी रोज चढते-उतरते आणि धक्का दर दोन दिवसांनी बसतो. कमी करायचं ते रोजच्या डोसात. गोळी अर्धी करता येते का ते फार्मासिस्टना विचारा. सावकाश विरघळणारी कॅप्सुल फोडू नका, चुरडू नका.

त्रास परतला तर दोन शक्यता वेगळ्या करा. दोन-तीन दिवसांत आलेली मळमळ, घाम, स्वप्नं बहुधा बंद केल्याची. काही आठवड्यांनी हळूहळू दाटलेली उदासी किंवा परतलेलं दुखणं बहुधा मूळ आजाराचं. पहिल्यात डॉक्टर आधीच्या पायरीवर परत नेऊन सावकाश उतरवतात. दुसऱ्यात उपचाराचाच विचार नव्याने करावा लागतो. म्हणून रोजची एक ओळ लिहा: तारीख, डोस, काय वाटलं.

शेवटची गोळी घेतल्यावर तारीख यादीवर लिहा आणि यादी जपून ठेवा. एमएओआयसाठीचे १४ दिवस त्या तारखेपासून मोजायचे असतात. उरलेल्या स्ट्रिपा "पुन्हा लागतील" म्हणून खणात ठेवू नका, औषधं परत घेणाऱ्या केंद्रात किंवा फार्मासिस्टकडे विचारून त्यांची विल्हेवाट लावा. आणि पाय जळजळतात म्हणून शेजारच्या कुणी एक-दोन मागितल्या, तरी देऊ नका. त्यांचा ईसीजी तुम्ही पाहिलेला नाही.